घाट उतरण्याआधी गाडीचं ब्रेक ऑइल बदला

गणपतीला गावी, पावसात धबधबे बघायला, जोडून सुट्टी आली म्हणून समुद्रावर, अशा कोणत्याही कारणाने स्वतःच्या गाडीने सह्याद्री उतरणाऱ्या प्रत्येकाला ही कळकळीची विनंती आहे. निघण्याआधी तुमच्या गाडीचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते शोधून काढा. सर्व्हिसची जुनी बिलं चाळा. सापडत नसतील तर गॅरेजला फोन करा. दोन वर्षं उलटून गेली असतील, किंवा कुणालाच काही सांगता येत नसेल, तर आधी ते पूर्ण बदलून घ्या आणि मगच घाटाचा रस्ता धरा. सामान बांधून झालेलं असलं आणि गावाकडे सगळे वाट बघत असले, तरीही.

काम तासा-दीड तासाचं आहे. साध्या गाडीला तेल आणि मजुरी धरून हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. एवढं असूनही ते राहून जातं, कारण जुनं झालेलं ब्रेक ऑइल शहरात कसलीच तक्रार करत नाही. सिग्नलला गाडी थांबते, सोसायटीच्या उतारावर थांबते, पेडल पायाला नेहमीसारखंच लागतं. टायर गुळगुळीत झाला की दिसतो, वायपर खराब झाला की काच सांगते. ब्रेक ऑइलचं तसं नाही. ते पहिल्यांदा बोलतं ते लांब उतारावर, भरलेल्या गाडीत, आणि तेव्हा हातात फार वेळ उरलेला नसतो.

असं का होतं, ते नीट समजून घ्या. पेडल दाबलं की बॉनेटखालच्या मास्टर सिलिंडरमधला पिस्टन सरकतो आणि दाब बारीक नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जातो. डिस्क ब्रेक असेल तिथे कॅलिपरचा पिस्टन पॅडला डिस्कवर आवळतो, ड्रम असेल तिथे व्हील सिलिंडर लायनर फाकवतो. तुमचा पाय आणि चाक यांच्यामध्ये आहे तो फक्त हा द्रव. द्रव दाबून आकसत नाही, म्हणून पायाचा जोर पुढे पोहोचतो. वायू मात्र आकसतो. ब्रेक तापून कॅलिपरमधलं तेल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, पायाचा जोर ते बुडबुडे चेपण्यातच संपतो, आणि पेडल थेट तळाला टेकतं. पॅड नवे कोरे असले तरी मग त्यांचा उपयोग नाही, कारण त्यांच्यापर्यंत दाबच पोहोचत नाही.

बाटलीतून नुकतंच काढलेलं डॉट ३ तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत तग धरतं. पण ग्लायकोलवर आधारलेली ही तेलं हवेतला ओलावा ओढून घेतात. रबरी होजच्या भिंतींतून आणि टाकीच्या झाकणातल्या बारीक छिद्रातून तो आत शिरत राहतो. असं तेल वापरण्यामागे विचार आहे. पाणी त्यात विरघळलं नसतं तर थेंबाथेंबाने सखल जागी साचलं असतं, शंभर अंशांनाच उकळलं असतं आणि साचलं तिथला धातू गंजवला असता. मात्र पाणी पोटात घेण्याची किंमत तेल आपल्या उत्कलनबिंदूने मोजतं. सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलं की डॉट ३ चा किमान आकडा १४० अंशांवर येतो आणि डॉट ४ चा १५५ वर. पाणी त्याहून वाढलं तर आकडा आणखी खाली जातो. घाटात सतत दाबलेल्या ब्रेकची डिस्क काहीशे अंशांपर्यंत तापते आणि ती उष्णता पॅड व पिस्टनमधून तेलापर्यंत पोहोचते. तेव्हा २३० आणि १५५ मधला फरक हा गाडी थांबण्याचा आणि न थांबण्याचा फरक असतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हा ओलावा किलोमीटर मोजत नाही, तो दिवस मोजतो. डोंबिवली, ठाणे, विरार, पनवेलच्या दमट हवेत पार्किंगमध्ये उभी असलेली गाडीही तेवढंच पाणी पीत असते. रोज लोकलने कामावर जाणाऱ्या माणसाची गाडी वर्षभरात पाच-सात हजार किलोमीटरच चालते, म्हणून मालक निर्धास्त असतो. ‘गाडी अजून नवीच आहे, फारशी चाललेलीच नाही’ असं तो अभिमानाने सांगतो. आणि मग वर्षातून एकदा तीच गाडी पाच माणसं, फळफळावळ, मखराचं सामान आणि टपावर कॅरिअर लादून, भर पावसात, कशेडी किंवा कुंभार्ली घाटाकडे निघते. माझ्या मते आपल्या रस्त्यांवरची ब्रेकच्या दृष्टीने सर्वांत धोक्याची खासगी गाडी हीच आहे. रोज फिरणाऱ्या टॅक्सीपेक्षाही हिचा धोका मोठा, कारण टॅक्सी निदान वारंवार गॅरेजला जाते. बहुतेक कंपन्या मॅन्युअलमध्ये किलोमीटरच्या आकड्यासोबत वर्षांचाही आकडा देतात, सहसा दोन वर्षं, आणि ‘यांपैकी जे आधी येईल ते’ असं लिहितात. कमी चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत वर्षांचा आकडाच आधी येतो. तो वाचा.

उतारावर किती उष्णता तयार होते, याचा एक हिशोब मांडतो. माणसं आणि सामान धरून दीड हजार किलोची गाडी महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरते. चाळीसेक किलोमीटरमध्ये ती तेराशे मीटरच्या आसपास खाली येते. उंचीमुळे तिच्यात साठलेली ही ऊर्जा वाटेत कुठेतरी खर्च व्हावीच लागते, आणि ती सगळी उष्णतेत बदलली तर साठ लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत जाईल एवढी ती असते. थोडी हवेच्या रोधात जाते, थोडी टायरांत. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर मोठा वाटा इंजिन पचवतं. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर तो वाटाही ब्रेकच्या माथी येतो. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर न्यूट्रलमध्ये सुटलेल्या अवजड वाहनांनी काय केलं आहे, ते पुणेकरांना सांगायला नको. (मोठे ट्रक आणि एसटी यांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, त्यांची तपासणी वेगळी. पण छोटे टेम्पो, पिकअप आणि वडापच्या जीप तुमच्या-आमच्या गाडीसारख्याच तेलावर थांबतात, आणि त्यांत माणसं किती बसलेली असतात ते आपण बघतोच. त्यांच्या मालकांनाही हे आवाहन आहे.)

ब्रेक नेहमी उतरतानाच जातात असंही समजू नका. गाडी चालू असताना वारा डिस्क थंड करत असतो. तुम्ही घाटातल्या टपरीवर चहा-भज्यांसाठी थांबता, वारा थांबतो, आणि तापलेल्या डिस्कची उष्णता निवांतपणे कॅलिपरमध्ये मुरते. गाडी उभी असतानाच तेल उकळू शकतं. मग तुम्ही पुन्हा निघता आणि पहिल्याच वळणावर पेडल खाली जातं. म्हणून थांबण्याआधीचे दोन-तीन किलोमीटर खालच्या गिअरमध्ये, ब्रेक कमीत कमी वापरून काढा. थांबल्यावर तापलेल्या चाकांतून करपल्यासारखा वास येत असेल तर अर्धा तास तरी हलू नका, आणि निघण्यापूर्वी गाडी उभी असतानाच पेडल दाबून बघा.

याहून घातक गोष्ट पुढे आहे. तेल थंड झालं की वाफेचं पुन्हा द्रव होतं आणि पेडल पूर्ववत कडक लागतं. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाला गाडी फिरवून आणतो आणि सांगतो, ‘ब्रेक एकदम ओके आहेत, तुम्हाला भास झाला असेल.’ त्यावर विश्वास ठेवू नका. एकदा जरी उतारावर पेडल मऊ पडलं असेल, तरी तेल बदलेपर्यंत ती गाडी घाटात नेण्यायोग्य नाही.

आता गॅरेजमध्ये काय सांगायचं ते बघू. ‘ब्रेक ऑइल बघा’ असं सांगितलंत तर बहुतेक ठिकाणी टाकीत वरून थोडं तेल ओततील आणि झाकण लावतील. त्याने काहीही साधत नाही. ओलावा धरलेलं, उकळायला टेकलेलं तेल खाली कॅलिपरमध्ये बसलेलं असतं. वरच्या टाकीतलं नवं तेल आपोआप तिथे पोहोचत नाही. उलट, टाकीतली पातळी खाली जाणं हा बहुतेक वेळा पॅड झिजल्याचा इशारा असतो. पॅड झिजले की पिस्टन पुढे येतात आणि त्यांच्यामागची जागा भरायला टाकीतलं तेल खाली उतरतं. वरून भरून तो इशारा पुसू नका, पॅड आणि गळती तपासा. ‘चारही चाकांतून जुनं तेल काढून पूर्ण फ्लश करा आणि ब्लीडिंग करा’ हेच शब्द वापरा. शक्य असेल तर काम होईपर्यंत तिथे उभे राहा.

नीट केलेलं काम असं दिसतं. मेकॅनिक आधी टाकीतलं काळपट तेल सिरिंजने ओढून घेतो आणि टाकी नव्या तेलाने भरतो. मग प्रत्येक चाकाच्या ब्लीडर निपलला पारदर्शक नळी लावतो आणि तिचं दुसरं टोक थोडं तेल घेतलेल्या बाटलीत बुडवतो. एक जण आत बसून पेडल हळूहळू दाबतो आणि धरून ठेवतो, दुसरा निपल उघडतो, तेल बाहेर येतं, निपल बंद होतं, आणि त्यानंतरच पेडल सोडलं जातं. हा क्रम चुकला, निपल उघडं असताना पेडल सुटलं, तर हवा आत ओढली जाते. नळीतून स्वच्छ, फिकट, बुडबुडे नसलेलं तेल येईपर्यंत हे चालतं. सुरुवात सहसा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे आपल्याकडच्या उजव्या हाताने चालवायच्या गाड्यांत मागच्या डाव्या चाकापासून होते. काही गाड्यांत कंपनी वेगळा क्रम सांगते, तिथे कंपनीचंच ऐका.

या सगळ्यात टाकी एकदाही रिकामी होता कामा नये, दर काही दाबांनंतर ती भरत राहावी लागते. एबीएस असलेल्या गाडीत टाकी कोरडी पडून हवा एबीएसच्या युनिटमध्ये शिरली, तर ती साध्या ब्लीडिंगने बहुधा निघत नाही, स्कॅनर लावून पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये तो स्कॅनर असेलच असं नाही. जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंत हाणू नये. मास्टर सिलिंडरचा जो भाग एरवी कधी वापरला जात नाही तिथे गंज आणि घाण असते, त्यावरून सील घासले की ते फाटतात आणि तेल बदलायला गेलेली गाडी मास्टर सिलिंडर बदलून परत येते. रत्नागिरी, मालवण, गोव्याच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाड्यांची निपलं गंजून घट्ट बसलेली असतात. त्यांवर आदल्या दिवशीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि साध्या पान्याऐवजी रिंग पाना वापरायला सांगा. निपल तुटलं तर कॅलिपरचं काम निघतं. अनेक गाड्यांत हायड्रॉलिक क्लचही याच टाकीतून तेल घेतो. तिथे क्लचचं ब्लीडिंगही त्याच वेळी करून घ्या.

काम झालं की इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर घट्ट दाबून धरा. ते उंच आणि कडक राहायला हवं. हळूहळू खाली बसत असेल किंवा स्पंजासारखं लागत असेल, तर गाडी ताब्यात घेऊ नका.

तेल कोणतं घ्यायचं, याचं उत्तर टाकीच्या झाकणावरच छापलेलं असतं. डॉट ३ लिहिलं असेल तर डॉट ४ चालतं, आणि घाट उतरणाऱ्याने तेच घ्यावं असं मी सांगेन. उलट मात्र नाही. डॉट ४ मागणाऱ्या गाडीत डॉट ३ टाकू नका. डॉट ५.१ चे आकडे आणखी वरचे आहेत, कोरडं २६० आणि ओलं १८० अंश, आणि तेही याच ग्लायकोल कुळातलं आहे. पण डॉट ५ हे सिलिकॉनचं, पूर्ण वेगळं तेल आहे. ते ग्लायकोलच्या तेलात मिसळत नाही आणि एबीएसच्या गाड्यांना चालत नाही. दुकानात ५ आणि ५.१ यांत गल्लत होऊ देऊ नका. नव्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी असेल तर कंपनी कधी कधी कमी घट्टपणाचं डॉट ४ मागते, तेव्हा तेच द्या, कारण त्या बारीक व्हॉल्व्हमधून तेल झटकन वाहावं लागतं.

सीलबंद डबाच घ्या आणि तो तुमच्यासमोर फोडायला सांगा. छोट्या-मध्यम गाडीच्या पूर्ण फ्लशला एक लिटर पुरतं. गॅरेजच्या फळीवर महिनोन्‌महिने अर्धवट पडलेल्या डब्यातलं तेल नको, त्याने हवेतलं पाणी आधीच घेतलेलं असतं. आणि इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं तेल किंवा असं कोणतंही खनिज तेल या टाकीत एक झाकणभरसुद्धा जाऊ देऊ नका. ब्रेकच्या यंत्रणेतले रबरी सील त्याने फुगतात. एकदा ते झालं की नुसतं तेल बदलून भागत नाही, मास्टर सिलिंडरपासून होजपर्यंत सगळं रबर बदलावं लागतं. ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. ते रंग खातं.

तेलाच्या रंगावरून निकाल काढणाऱ्यांवर भिस्त ठेवू नका. काळं तेल खराबच, पण पिवळसर दिसणारं तेलही पाण्याने भरलेलं असू शकतं. पेनासारखं तपासणी यंत्र टाकीतल्या तेलाचा अंदाज देतं, चाकाजवळच्या तेलाबद्दल ते काहीच सांगत नाही. दोन वर्षांचा नियम या दोन्हींपेक्षा भरवशाचा.

दुचाकीस्वारांनो, तुमच्या हँडलवरच्या छोट्या चौकोनी टाकीतही हेच तेल आहे, आणि ते इतकं थोडं असतं की तापायला वेळ लागत नाही. माळशेज किंवा ताम्हिणीला जाणाऱ्या प्रत्येकाने ते तपासावं. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनो, तुमची गाडी जुलै २०२१ च्या चिपळूणच्या किंवा ऑगस्ट २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरात उभी होती का, हे विक्रेता सांगेलच असं नाही. जुन्या गाडीचा ताबा घेतल्यावर पहिलं काम ब्रेक ऑइलचं करा. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनो, उतारावर मोटर गाडीला आवरते आणि बॅटरी भरते हे खरं, पण महाबळेश्वरला शंभर टक्के चार्ज करून निघालात तर ती ऊर्जा घ्यायला बॅटरीत जागाच नसते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. घाटमाथ्यावरून थोडी रिकामी बॅटरी घेऊन निघा.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये, बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या, उतरा. ऑटोमॅटिक असेल तर लिव्हर खालच्या गिअरवर किंवा मॅन्युअलवर घ्या. पेडलवर पाय ठेवून घाटभर घासत येऊ नका. थोडा वेळ ठाम दाबा, वेग उतरवा, सोडा. इंजिन कधीही बंद करू नका, कारण त्यावरच ब्रेकची मदत करणारा बूस्टर आणि स्टिअरिंगची ताकद चालते.

आणि एवढं करूनही पेडल खाली गेलंच, तर पाय उचलून पेडल भराभर दाबत राहा, काही वेळा त्याने थोडा दाब परत उभा राहतो. त्याच वेळी एकेक गिअर खाली आणा. हँडब्रेकचं बटण अंगठ्याने दाबून ठेवून तो हळूहळू ओढा, झटक्याने ओढला तर मागची चाकं घसरतात. हँडब्रेक बटणाचा असेल तर बटण ओढून धरून ठेवा. हॉर्न आणि चारही इंडिकेटर चालू करा आणि दरीची बाजू सोडून डोंगराच्या बाजूला, चरात किंवा कठड्याला घासत गाडी थांबवा. किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. थांबल्यावर पेडल परत कडक लागलं तरी ती गाडी पुढे चालवू नका, टोचन मागवा.

गॅरेजवाल्या बंधूंनाही एक मागणं आहे. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात गाडी कोणत्याही कामाला आली तरी ब्रेक ऑइलची तारीख विचारा, आणि बदललंत तर टाकीजवळ महिना-वर्ष लिहून चिकटवा, म्हणजे पुढच्या माणसाला शोधत बसावं लागणार नाही. काढलेलं तेल गटारात किंवा मातीत ओतू नका. ते विषारी आहे, झाकण लावलेल्या डब्यात ठेवा आणि जळक्या तेलात न मिसळता टाकाऊ तेल नेणाऱ्याकडे वेगळं द्या.